आधी शेवट सांगा

फणसे गुरुजींच्या शेजारी बसून कीर्तन ऐकायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. मारुतीच्या देवळात शाळेच्या मंडळींसाठी खांबाजवळ वेगळी सतरंजी टाकलेली असे, त्यामुळे मला सुटका नव्हती. बुवा रंगात आलेले असत, राजाराणी वनवासाला निघालेली असत, बायकांनी डोळ्यांना पदर लावलेले असत, आणि नेमक्या त्या वेळी गुरुजी माझ्याकडे वाकून म्हणत, "राज्य परत मिळतं हं, बाई. मुलगाही जिवंत होतो. आता ऐका निवांत." त्यांना वाटे आपण कुजबुजतोय. अर्ध्या देवळाला ऐकू जाई. एकदा तर बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि हात जोडून विचारलं, "हेडमास्तर, मी निघू का मग?"

गुरुजींना त्यात आपलं काही चुकलंय असं वाटलंच नाही. "माणसांचा जीव टांगून ठेवायचा आणि मग आरतीचं ताट फिरवायचं, हा कुठला धर्म?" असं ते परतताना मलाच विचारत होते. त्यांच्या घरातही तीच तऱ्हा. काकू सांगायच्या, मासिक आलं की हे शेवटचं पान आधी मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग माझ्या हातात देतात. शेवटी काकूंनी गोष्टी वाचणं सोडून दिलं आणि त्या विणकामाला लागल्या.

पौड सोडून मुळशीच्या रस्त्याला लागलं की माले गावाच्या अलीकडे आमचं गाव. लोकल बोर्डाची सातवीपर्यंतची शाळा, गळकी कौलं, समोर मोठी चिंच आणि तिला दगडी पार. पुण्याहून ट्रेनिंग करून मी तिथं रुजू झाले तेव्हा एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. यष्टीतून उतरून, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखून, मी हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी वरही न बघता सांगितलं, "बाई, तुम्ही इथं टिकणार. खोली मिळालेली आहे, पाणी जवळ आहे, विंचू आहेत पण मारता येतात. आता बसा, आणि तुमचं नाव काय ते सांगा."

माझ्याकडे मुलींचा वर्ग होता. वर्ग म्हणायचा एवढंच. गावातल्या मुली शेण गोळा करायला जात, धनगरवाड्यातल्या मुली शेरडांमागे. एकेका मुलीसाठी एकेका आईची मी किती मनधरणी केली ते माझं मला माहीत. तपासणीला येणारे साहेब दर भेटीत बजावत, "बाई, पट घसरला तर मुलींचा वर्ग बंद, आणि तुमची जागाही गेली." त्यामुळे मुली शाळेत टिकणं, म्हणजे त्यांच्या आयांचा शाळेवर विश्वास टिकणं, हा माझ्या जिवाचा प्रश्न होता. आणि हा विश्वास ज्यांच्या हाती, ते गृहस्थ असे.

दिसायला गुरुजी अगदी साधे. बुटके, पाठीत थोडे वाकलेले, धोतर घोट्याच्या वर, खिशात तपकिरीची डबी. डोक्यावर काळी टोपी. तिची कड तेलानं तपकिरी झालेली होती, पण ती टोपी डोक्यावरून उतरलेली मी कधी पाहिली नाही. दुपारी खुर्चीत डुलकी लागली तरी एक हात टोपीवर. वारा सुटला की लोक खिडक्या लावायला धावत, हे आधी टोपी धरत. मला वाटे, टक्कल लपवत असतील.

त्यांचा एक कायदा होता आणि त्यानं आम्हा सगळ्यांना जेरीला आणलं होतं. शाळेत पोराला काही झालं, तर ते त्याच्या घरी शाळेकडून कळलं पाहिजे, आणि शाळा सुटून पोरं घरी पोचायच्या आत कळलं पाहिजे. "बातमीला पाय असतात, बाई," ते म्हणत, "आणि आपल्याला तोवर चपला सापडत नाहीत." सांगायला जायचं ते शिक्षकानं. पोराच्या हाती निरोप नाही, चिठ्ठी नाही. आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून पहिलं वाक्य बोलायचं ते शेवटाचं. पोर बरं आहे. किंवा, पोराचा हात मोडला आहे पण शुद्धीवर आहे. मग बसायचं, पाणी प्यायचं, आणि काय घडलं ते सुरुवातीपासून सांगायचं. आमच्या चुकीसकट.

ह्या शेवटच्या दोन शब्दांनी कदम मास्तरांचं काय झालं ते सांगते. कदम मास्तर तिसरीला होते, तापट पण मनानं चांगले. त्यांनी एकदा पाढे चुकले म्हणून एका पोराचा कान पिळला. पोरगं रडत घरी गेलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की मास्तरनं कान उपटला. अंधार पडायच्या सुमाराला पौडाहून आलेला एक जण विचारत होता, कान शिवता आला का. मी म्हटलं, गुरुजी, लोकांची तोंडं आहेत, दोन दिवसांत थंड होईल. गुरुजींनी काय करावं? सकाळी त्या पोराला हाताशी धरलं, दुसऱ्या बाजूला कदम मास्तरांना घेतलं आणि घरोघर निघाले. प्रत्येक दारात पोराचं डोकं एकदा डावीकडे वळवायचं, एकदा उजवीकडे. "हे दोन कान. जागेवर आहेत. हात लावून बघा." बायका खरोखर हात लावून बघत होत्या. आणि त्यावर थांबले असते तर गुरुजी कसले! "कान पिळला हे मात्र खरं आहे. हे पिळणारे. पिळायला नको होता." कदम मास्तरांचे दोन्ही कान त्या पोराच्या कानापेक्षा लाल झाले होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते गुरुजींशी फक्त हजेरीपुरतं बोलत.

अफवा घेऊन येणाऱ्याला गुरुजी एकच प्रश्न विचारत, "पाहिलंत, ऐकलंत, की वाटलं?" हा प्रश्न पोरांना ठीक होता. पण मी एकदा घाईघाईनं सांगितलं की चहाचं दूध नासलंय, तर मला म्हणाले, "पाहिलंत की वाटलं?" मी भांडं त्यांच्या नाकाखाली नेऊन धरलं. ते म्हणाले, "आता पाहिलं." अशा माणसाबरोबर रोज काम करायचं म्हणजे काय, ह्याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

आणि तो चिंचोका! चैत्रातली दुपार होती. पारावर मुली चिंचोके खेळत होत्या. धनगरवाड्यातल्या हिरानं एक चिंचोका नाकात घातला आणि तो वर चढून बसला. मी घाबरले. गुरुजींनी शांतपणे डबी काढली आणि चिमूटभर तपकीर तिच्या नाकाशी धरली. अशी शिंक आली की चिंचोका पलीकडे चिंचेच्या खोडावर जाऊन आपटला. पोरी हसल्या, हिराही हसली, मला वाटलं झालं. गुरुजींनी तो चिंचोका शोधला, कागदात बांधला आणि छत्री उचलली. "चला बाई. आईला सांगायला बाई बरोबर हवी."

धनगरवाडा डोंगराच्या सोंडेवर. ऊन मी म्हणत होतं, पायाखाली घसरड्या मातीचा घसारा, आणि पुढे छत्री धरून हे चाललेले. पूर्ण वाटभर मी मनात त्यांना जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. हिराची आई ठकूबाई शेरडांना पाला टाकत होती. नवरा गुरांमागे रानात, घर तिच्या एकटीवर. आम्हाला बघून तिचा हात थांबला. गुरुजी लांबूनच म्हणाले, "हिरा बरी आहे. चिंचोका बाहेर निघाला आहे. हा बघा." आणि पुडी उघडून दाखवली.

ठकूबाईनं चिंचोका पाहिला, गुरुजींना पाहिलं, आणि मग मला विचारलं, "ह्यांचं डोस्कं बरं हाय न्हवं, बाई?"

मला अगदी मनापासून नाही म्हणावंसं वाटलं.

"येवड्याशा बीपायी डोंगर चढला व्हय? पोरगी आली आस्ती की सांजच्याला, सांगितलं आस्तं तिनं."

"तिच्याआधी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं," गुरुजी म्हणाले. "हिराच्या नाकातून रक्त आलं म्हणून. तुम्ही हे सगळं सोडून पळत सुटला असता."

ठकूबाई आत गेली. ताकाचे दोन पेले आणून ठेवले. पण पुढच्याच सोमवारी हिराबरोबर धनगरवाड्यातल्या आणखी मुली खाली उतरल्या, आणि मी महिनोन्‌महिने आर्जवं करून जे झालं नव्हतं ते एका चिंचोक्यानं केलं. मला आनंद झाला, आणि त्याचबरोबर संतापही आला. कारण आता गुरुजी प्रत्येक खरचटलेल्या गुडघ्यासाठी मला डोंगर चढवणार हे उघड होतं. आणि चढवलंच.

हे सगळं खूळ आलं कुठून, ते मला नामानं सांगितलं. नामा म्हणजे गुरुजींचाच जुना विद्यार्थी, एव्हाना मिसरूड फुटलेला, उजवा हात कोपरात थोडा वाकडा. ओढ्यावर तेव्हा नवा पूल होत होता, तिथं तो मुकादमाच्या हाताखाली होता. एकदा शाळेच्या कौलांना हात लावायला आला तेव्हा मी त्याला हाताचं विचारलं. तो हसायला लागला. "बाई, मी माज्याच मयताला गूळ खात आलोय," तो म्हणाला.

झालं होतं असं. नामा लहान असताना चिंचेवरून पडला. हात मोडला, डोकं फुटलं. गुरुजी तेव्हा नवे होते, गाव माहीत नव्हतं. त्यांनी टोपी काढून घडी केली आणि जखमेवर दाबली, ती तिथंच राहू दिली, पोराला पारावर बाकीच्यांच्या ताब्यात दिलं आणि स्वतः घराकडे धावले. भर दुपारी, उघड्या डोक्यानं. आता आमच्या मुलखात टोपी काढतो तो मयताला गेलेला माणूस. भर उन्हात कुणी बोडक्या डोक्यानं दारात उभा राहिला, तर पुढं काही विचारायचं उरत नाही. नामाची आई खळ्यावर होती. तिनं गुरुजींना बघितलं आणि हंबरडा फोडला. आणि गुरुजी, शिकलेला माणूस, सुरुवातीपासून सांगायला लागले. "सकाळी प्रार्थना झाली. मग मी चौथीला शुद्धलेखन घातलं. त्या वेळी नामा वर्गात होता…" त्या रडारडीत कुणी ऐकेना. शेजारणी जमल्या. कुणी सोयऱ्यांकडे माणूस धाडला, कुणी लाकडं काढायला लागलं. गुरुजी आपले शुद्धलेखनावरून चिंचेपर्यंत येतायत, तोवर बैलगाडी आली आणि गाडीत नामा, हाताला बांबूच्या काड्या बांधलेल्या, गूळ खात.

"लोकं हसली का?" मी विचारलं.

"हसली की. पर आज्जा न्हाई हसला." नामाचं हसू जरा कमी झालं. "रडं ऐकूनच त्यो अंगनात बसला, त्याची वाचा गेली. मी म्होरं हुबा ऱ्हायलो, म्हनलं आज्जा, मी हाय. बगत व्हता नुसता. मरंस्तवर बोलला न्हाई. गुरुजी रोज यायचं, त्याच्यापाशी बसायचं. आईच शेवटाला म्हनली, गुरुजी, आता नका येऊ, टोपी घाला आन साळा बगा."

मी त्या दिवशी गुरुजींकडे बघितलं तेव्हा ते नेहमीसारखे टोपी धरून पेंगत होते. मला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी एका पोराची दाढ पडली म्हणून त्यांनी मला पुन्हा धनगरवाड्यावर नेलं, तेव्हा वाईट वाटणं गळून पडलं.

त्याच सुमाराला पुलाच्या पायाला पाणी लागत होतं. घातलेला दगड राहत नव्हता. आणि गावात कुजबूज सुरू झाली, पूल पोर मागतोय. कुठल्याशा गावात म्हणे पायात पोर पुरल्यावर खांब उभा राहिला. ठेकेदाराची माणसं जीपमधून फिरतायत, एकटंदुकटं पोर दिसलं की उचलतायत. गुरुजी घरोघर जाऊन विचारत, "पाहिलंत, ऐकलंत, की वाटलं?" सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पाहिलेलं कुणी नव्हतं. नामा बिचारा शपथा घेऊन सांगे की मी रोज तिथंच असतो. लोक त्याच्याकडेच संशयानं बघू लागले.

आणि ह्याच मुहूर्तावर साहेब आले. क्षयाची लस टोचणारी तुकडी येणार होती. "गावात आधी बभ्रा करायचा नाही," साहेब म्हणाले. "पलीकडच्या गावात आधी कळलं, तर शाळा रिकामी सापडली. पोरं वर्गात बसलेली असतानाच उरकून घ्यायचं."

"साहेब, ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून शाळा रिकामी सापडेल," गुरुजी म्हणाले. "मला घरोघर सांगू द्या. काही येणार नाहीत. जे येतील ते टिकतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुरुजींना उत्तर दिलं. "मुलींच्या वर्गाचा कागद माझ्या टेबलावर आहे, फणसे. तुमच्या बडबडीनं तुकडी हात हलवत परत गेली, तर मी त्यावर काय लिहायचं ते लिहीन."

त्यानंतर गुरुजी गप्प राहिले. संध्याकाळी छत्री घेऊन दोनदा निघाले आणि दोनदा चिंचेपासून परत आले. मी माझ्या खोलीच्या दारातून बघत होते. जन्मभर वाटेल तेव्हा वाटेल ते बोलणारा हा माणूस, ज्या एका वेळी बोलायला हवं होतं नेमका तेव्हाच माझ्या वर्गासाठी मूग गिळून बसला. ह्याला काय म्हणावं?

जीप सकाळी आली. पोरं पाराजवळ रांगेनं उभी केली. जीप बघूनच निम्म्यांचे चेहरे उतरलेले. हिरा उपाशीपोटी डोंगर उतरून आली होती. पुढच्या मुलीच्या दंडात सुई गेलेली तिनं पाहिली, तिचे डोळे फिरले आणि ती आडवी झाली. पाराचा दगड कपाळाला लागला. रक्त आलं आणि ती लवकर डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, टाके पडतील, पौडाला नेऊ. कदम मास्तरांनी तिला मांडीवर घेतलं, जीप धूळ उडवत गेली. पोरं तोवर कुंपणावरून उड्या मारून चारी दिशांना पळाली होती.

गुरुजींनी छत्रीसुद्धा घेतली नाही. "चला बाई," म्हणाले आणि धनगरवाड्याच्या वाटेला लागले. पण बातमीच्या पायांपुढे आमचे पाय काय पुरणार? ओढ्याजवळ पोचलो तर समोरून गाव येत होतं. पुढे ठकूबाई, हातात पाला तोडायचा कोयता तसाच. मागे काठ्या. ठकूबाईच्या बाजूला नामा, आणि त्याच्याही हातात काठी.

"हिरा जिवंत आहे!" गुरुजी लांबूनच ओरडले. "पडली, कपाळाला लागलंय, पौडाच्या दवाखान्यात नेलीय! कदम मास्तर बरोबर आहेत!"

लोक थांबले. नामा पुढं आला. "जीपवालं येनार हे तुमाला ठावं व्हतं का, गुरुजी?"

"होय."

"मग सांगितलं का न्हाई?"

साहेबांचा हुकूम होता, एवढं म्हणून मोकळं व्हा, असं मी मनात घोकत होते. गुरुजी म्हणाले, "गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मी गप्प राहिलो. राहायला नको होतं. चूक माझी." काठ्या घेतलेल्या माणसांसमोर हे बोलायची काही गरज होती का? मी कपाळावर हात मारला.

"चिंचोक्यापायी डोंगर चढला," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "आन सुई टोचायची तवा गप. आता म्हनता जित्ती हाय. या घडीला जित्ती हाय का? सांगा."

मी मागून हळूच म्हटलं, "गुरुजी, हो म्हणा." कुणीही हो म्हटलं असतं. टाके घातलेल्या पोरी काय मरतात? पण आधी शेवट सांगा म्हणून ज्यांनी आमचा जीव खाल्ला, त्यांच्याकडे शेवट नव्हता.

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

मग गुरुजी ठकूबाईच्या समोर आले. "जीप निघाली तेव्हा तिचा श्वास चालू होता, ते मी पाहिलं. 'आये' म्हणाली, ते ऐकलं. त्यापुढचं मला ठाऊक नाही, ठकूबाई, आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही. मी पौडाला निघालो. तुम्ही चला. सगळे चला. पुलाच्या कामावरूनच जाऊ, वाटेत पाया बघून घ्या."

मागून कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. ते गुरुजींच्या डोक्याला लागलं आणि टोपी उडून चिखलात पडली. बायकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. ठकूबाईच्या हातातला कोयता गळला. तिनं गुरुजींचं बोडकं डोकं पाहिलं होतं.

गुरुजींनी डोक्याला काय लागलं ते बघितलं नाही, कुणी मारलं ते बघितलं नाही. गुडघ्यांवर चिखलात पडले, दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि तशीच डोक्यावर दाबली. चिखलाचं पाणी चेहऱ्यावरून ओघळत होतं आणि हे ओरडत होते, "पडली आहे! टोपी पडली आहे! मी काढली नाही! ठकूबाई, मी काढलेली नाही!"

सगळ्यांत आधी नामाची काठी खाली आली. त्यानं ती ओढ्यात फेकून दिली आणि वाकड्या हातानं गुरुजींना उठवलं. "चला," तो मागं वळून म्हणाला, "पौडाला जाऊ." आणि गाव निघालं.

पुलापाशी गुरुजी खरोखर थांबले. लोकांनी पायाच्या खड्ड्यात वाकून पाहिलं. आत पाणी होतं, आणि कडेला एक गवंडी भाकरी खात होता. एवढी माणसं बघून त्याचा घास हातातच राहिला. पौड यायच्या आधीच समोरून जीप दिसली. पुढच्या बाकावर हिरा, कपाळाला पट्टी, दोन्ही हातांत बिस्किटं. ठकूबाईनं तिला खाली ओढून आधी एक थोबाडीत दिली आणि मग पोटाशी धरून ती रस्त्यातच बसली. मीही रडले. गुरुजी एका दगडावर बसून तपकीर ओढत होते, एक हात अजून टोपीवर.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग रिकामा होता. एक मुलगी नाही. मी खडू हातात घेऊन फळ्याकडे बघत बसले. दुपारी दारात ठकूबाई उभी राहिली, हिराला दंडाला धरून. ती माझ्याशी बोललीच नाही, सरळ गुरुजींच्या टेबलाशी गेली. "गुरुजी, तुमी गप बसला," ती म्हणाली, "पर खोटं न्हाई बोलला. म्या हो म्हना म्हनून बगत व्हते, तरीबी न्हाई बोलला. म्हनून आनलीय हिला. आन पुन्यांदा गप बसला, तर म्या हिला शेरडांमागं धाडीन, मंग चिंचोकं घेऊन किती बी डोंगर चढा."

"कबूल," गुरुजी म्हणाले.

ठकूबाईमागोमाग इतर आया आल्या. एकदम नाही, हळूहळू, एकमेकींकडे बघत. काही मुली कधीच परत आल्या नाहीत, त्यांची नावं मला अजून आठवतात. पण वर्ग वाचला. टोचणीही झाली. ती पुन्हा ठरली तेव्हा गुरुजी घरोघर सांगून आले, आणि ज्यांची इच्छा होती त्या आया मुलींचा हात धरून पाराजवळ उभ्या राहिल्या. साहेबांना पट भरलेला दिसला, त्यामुळे माझ्या वर्गाला हात लावता आला नाही. त्यांनी गुरुजींना हात लावला. वरचा हुकूम गावासमोर उघड केला, म्हणून भोर तालुक्याच्या पार टोकाला बदली.

शहाणा माणूस चार दिवसांत सामान बांधून गेला असता. गुरुजी घरोघर गेले. "माझी बदली झाली. रागावून केली आहे. शाळा चालू राहील, बाई इथंच आहेत. आता बसतो आणि सांगतो." प्रत्येक घरात चहा. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "नाहीतर तुम्ही तक्रार केली म्हणून माझी बदली झाली असं उठेल, बाई. उद्यापर्यंत उठेल." ते उठलंच होतं, पण त्यांच्या फेरीनंतर विझलं.

निघायच्या दिवशी यष्टीजवळ सगळं गाव जमलं. काकू आत बसल्या होत्या, मांडीवर लोकरीची पिशवी. गुरुजींनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. "बाई, मी परत येणार नाही. वय झालं, एवढा रस्ता आता झेपायचा नाही. रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, गाडी सुटायला अवकाश आहे."

माझा संताप संताप झाला. "निदान आज तरी सुरुवातीपासून सांगा हो गुरुजी," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. "सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे की," ते म्हणाले.

गाडी निघाली. पोरं मागे धावली, बायकांनी हात हलवले, नामानं आपला वाकडा हात वर केला. मी तर दोन्ही हात हलवत होते. आणि ह्या माणसानं हात हलवला नाही. खिडकीत ताठ बसून राहिले, दोन्ही हात डोक्यावर. मी रडता रडता चिडले. "बघा," मी ठकूबाईला म्हटलं, "जाताना एक हात हलवायला काय जात होतं?"

ठकूबाई वळणाकडे बघत होती. "टोपी धरलीया त्यांनी, बाई," ती म्हणाली. "वारं लई हाय. उडाली आन कुनी बोडकं बगितलं, तर गाव रडाया लागंल."